दोन ओळी खाली

माझी बहीण डूख धरते. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही सांगत नाही. तक्रार करण्याचा हक्क मी स्वतःच्या हातांनी घालवून बसलो आहे.

शाळेत तिच्या शेजारी बसणारी एक मुलगी तिच्या पेपरातून उत्तरं उतरवायची. एकदा दोघी पकडल्या गेल्या आणि मास्तरांनी दोघींना सारखीच शिक्षा केली. पुढच्या वर्षी तिने त्याच मुलीच्या शेजारची जागा मागून घेतली. गणिताच्या पेपरात सगळी उत्तरं चुकीची लिहिली, तिला निवांत उतरवू दिली आणि शेवटच्या दहा मिनिटांत आपली तेवढी खोडून बरोबर केली. ती मुलगी नापास झाली. मधलं अख्खं वर्ष ताई रोज तिच्याबरोबर डबा खात होती, तिला आपल्यातलं लोणचं देत होती.

एका दुकानदाराने तिला मोडकी छत्री विकली आणि परत घ्यायला नकार दिला. ताई अकरा दिवस रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात गेली. भांडली नाही. गिऱ्हाईक आलं की छत्री उघडायची, काडी लोंबायची, ताई "अगंबाई" म्हणायची आणि परत मिटायची. बाराव्या दिवशी त्याने नवी छत्री हातात दिली आणि हात जोडले. ताईने ती छत्री कधी वापरली नाही. दाराच्या मागे टांगून ठेवली आहे, येता-जाता बघायला.

मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्यात एक फरक जन्मापासूनचा. ताईचा हात दगडासारखा स्थिर. काठोकाठ भरलेलं पातेलं दोन जिने चढवून आणायची, थेंब सांडायचा नाही. माझं उलट. बसलो की गुडघा हलतो, उभा राहिलो की बोटं वाजतात. आई म्हणायची, याला झोपेतसुद्धा कुणीतरी हाक मारत असतं. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे.

ताई एका मोठ्या इस्पितळात कामाच्या पाळ्या लावायची. तीनशे चाळीस नर्स आणि मदतनीस, आणि रोज सकाळच्या पाळीत भरायच्या चौऱ्याहत्तर जागा. पूर्वी भिंतीवर एक लांबलचक फळी होती, तिला खिळे आणि प्रत्येकाच्या नावाची पत्र्याची पट्टी. पट्टी या खिळ्यावरून काढायची, त्या खिळ्याला अडकवायची. वीस वर्षं तिने ते केलं आणि वीस वर्षांत एक जागा रिकामी राहिली नाही. मग इस्पितळाने संगणक घेतले आणि पाळ्यांचा प्रोग्रॅम घेतला. तो आमच्या कंपनीचा होता. कंपनी म्हणजे मालक आणि आम्ही अकरा जण.

प्रोग्रॅममध्ये फळीच होती, फक्त पडद्यावर. नाव माउसने पकडायचं, ओढत न्यायचं आणि हव्या त्या जागेच्या ओळीवर सोडायचं. पण पडद्यावर एका वेळी वीस ओळी दिसायच्या आणि यादी चौऱ्याहत्तर ओळींची. नाव साठाव्या ओळीवर न्यायचं तर यादी आपली आपण सरकायला हवी, कारण बोट बटणावर अडकलेलं असतं, दुसरं काही दाबायची सोय नसते. नाव घेऊन पडद्यावरच्या खिडकीच्या खालच्या कडेला आलं की यादीने समजून घ्यावं आणि चालू लागावं. ऐकायला क्षुल्लक. मालकांनी त्यासाठी दोन दिवस दिले होते. मी ते दीड दिवसात केलं आणि उरलेला अर्धा दिवस मिरवलं.

काय केलं होतं ते सांगतो, लाज गेलीच आहे. माउस हलला की संगणक प्रोग्रॅमला निरोप देतो, हलला म्हणून. मी लिहिलं, की निरोप आला आणि माउस कडेला असला, तर यादी एक ओळ सरकव. झालं काम. आता हात कडेला नेऊन स्थिर धरला तर माउस हलत नाही, निरोप बंद, यादीही बंद. अशा ठिकाणी प्रोग्रॅममध्ये एक घड्याळ लावायचं असतं, म्हणजे हात हलो न हलो, ते ठरावीक वेळाने यादी ढकलत राहतं. हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण माझा हात कधी स्थिर नसतोच. मी शंभर वेळा तपासलं आणि शंभर वेळा यादी लोण्यासारखी सरकली.

पहिल्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

"अरे, तुमची ती यादी कडेला गेली की मधेच बसून राहते."

"अशी कशी बसेल? माझ्याकडे तर चालते."

"माझ्याकडे बसते. मी नाव धरून उभी आणि ही ढिम्म."

मी जागेवर बसूनच विचार केला आणि एका मिनिटात काय झालं असेल ते उमगलं. नीट करायचं तर तीन दिवस गेले असते आणि कुणाला तरी सांगावं लागलं असतं, की मी चुकलो. मी म्हणालो, "ते दुसरे लोक बघतात. तू असं कर, कडेला गेलीस की माउस थोडा हलवत राहा."

"हलवत राहू?"

"हं. चाळणी हलवतो तसा."

ताईने ऐकलं. भावाने सांगितलं होतं. तिने ते आपल्या हाताखालच्या बायकांनाही शिकवलं आणि महिन्याभरात त्या इस्पितळात पाळ्या लावणारी प्रत्येक बाई कडेला जाऊन माउस चाळू लागली. मी एकदा काही कामाने तिकडे गेलो होतो, तेव्हा एका खोलीत तीन जणी ओळीने बसून मनगटं थरथरवत होत्या. मला हसू आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

हलवण्याने एक नवीन रोग झाला. हात जोरात हलला की निरोपांची रांग लागते. जुन्या संगणकाला ती रांग संपवायला वेळ लागतो. आतल्या हिशेबात यादी पुढे गेलेली असते आणि पडद्यावरची मात्र अजून मागेच असते. नेमकं त्या क्षणी बोट उचललं, तर डोळ्यांना दिसते ती ओळ वेगळी आणि नाव पडतं ती ओळ वेगळी. बहुतेक वेळा दोन ओळी खाली. वर आणखी माझी एक करामत अशी, की नाव सोडलं की यादी आपली पुन्हा वरच्या टोकाला जायची. कुठे पडलं ते दिसायचंच नाही.

एका मंगळवारी सकाळच्या पाळीची यादी लागली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत दोन नर्स हव्या होत्या, लागली एकच. दुसरीचं नाव दोन ओळी खाली पडलं होतं, आणि ती ओळ होती कपड्यांच्या भांडाराची. ती नर्स यादी घेऊन भांडारात गेली. भांडारवाला म्हणाला, इथे नर्सचं काय काम? ती म्हणाली, वरून आलंय. मग दोघांनी मिळून सकाळी सहापासून दहा वाजेपर्यंत चादरी मोजल्या. तिकडे एकटी नर्स अकरा बाळं सांभाळत होती. त्यातल्या एका बाळाच्या हातातली सुई सरकली आणि ते कुणाच्या लक्षात यायच्या आत कोपरापर्यंत हात सुजला. बाळ वाचलं, हातही वाचला. पण त्याच्या बापाने इस्पितळ डोक्यावर घेतलं, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतलं असतं.

चौकशी बसली. ताई सांगत होती, की मी नाव बाळांच्या खोलीवरच सोडलं होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इस्पितळाने आमच्याकडे अहवाल मागितला. मालकांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. नाव खाली का पडतं, तो दोष शोधायला मला अर्धा दिवस लागला होता. मालकांनी तो नीट ऐकून घेतला, मग म्हणाले, "हे आपण कबूल केलं तर करार जाईल. अकरा जणांच्या चुली आहेत. तुझी बहीण कायम नोकरीत आहे, तिला कोण काढतंय? फार तर समज देतील."

मी अकरा चुलींसाठी गप्प बसलो, असं पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. मी गप्प बसलो कारण पंचवीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने इतकं पोरकट काहीतरी लिहिलंय, हे कुणाला कळायला नको होतं. अहवाल मीच लिहिला, सही मालकांनी केली. त्यात एक वाक्य होतं: "प्रणालीत दोष आढळला नाही. माउस अनावश्यक हलवल्यामुळे वापरणाऱ्याच्या हातून नाव चुकीच्या जागी पडले असावे." अनावश्यक हलवल्यामुळे. हे शब्द लिहिताना माझा गुडघा हलत होता.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. समज देऊन भागलं नाही. तिच्या सेवापुस्तकात लाल शाईने शेरा पडला: "कामात निष्काळजीपणा. बढतीस अपात्र." सहा महिन्यांनी ती मुख्य कारकून व्हायची होती, ते गेलं. तिची बदली केली, आणि केली ती कपड्यांच्या भांडारात. ज्या ओळीवर ते नाव पडलं होतं, त्याच ओळीवर वरच्यांनी ताईला नेऊन टाकलं.

शेरा आणि बदली पुढच्या गोष्टी. त्याआधी, चौकशी चालू असतानाच, मी घाईघाईने दुरुस्ती करायला घेतली. खिडकीच्या वर आणि खाली एकेक अरुंद पट्टी ठरवली. नाव घेऊन त्या पट्टीत आलं की यादीने लगेच पळायचं नाही, आधी क्षणभर थांबायचं, कारण माणूस कधीकधी नुसताच तिथून जात असतो. मग घड्याळाच्या ठोक्यावर हळू सुरुवात करायची आणि कडेच्या जितकं जवळ जावं तितका वेग वाढवायचा. हात मागे घेतला की जागच्या जागी थांबायचं. आणि नाव सोडलं की पडद्यावर दिसत असेल त्याच ओळीवर टाकायचं. सगळं लिहून झालं. अडलं एका ठिकाणी. क्षणभर थांबायचं म्हणजे किती? पट्टी किती रुंद? माझ्या हातावरून ठरवणं शक्यच नव्हतं. मला एक स्थिर हात हवा होता, आणि जगात माझ्या माहितीचा स्थिर हात एकच होता.

त्या मंगळवारनंतरच्या पहिल्याच रविवारी मी संगणक काखोटीला मारून ताईकडे गेलो. माझं लग्न फार टिकलं नाही, तेव्हापासून रविवारचं जेवण ताईकडे असतं. यादीत नर्सच्या ऐवजी भाज्या भरल्या होत्या. कोबी, मुळा, बटाटा. त्या संपल्या तेव्हा भांडी आणि कडधान्यं.

"हे काय आणलंस?"

"खेळ आहे. कोबी उचलून परातीवर सोडायचा."

चौकशी चालू होती, ताई चार दिवस झोपली नव्हती. तरी बसली. साठेक वेळा तिने कोबी परातीत नेला. तिचा हात कडेला जाऊन शांत राहायचा, मी मागे उभा राहून आकडे बदलायचो आणि विचारायचो, आता? घाईघाईत सुटतंय, ती म्हणायची. आता? फारच वेळ लावतंय. मग एकदा म्हणाली, "आता बरोबर. आता माझ्यासाठी थांबतंय." मी तो आकडा लिहून घेतला. एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. ती उठली, हात धुतले आणि मला वाढायला घेतलं. काही विचारलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण मला वाटलं, मी सुटलो.

मंगळवारच्या घटनेनंतर नवव्या दिवशी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळीकडे गेली. तिच्याबरोबर बदलांचा छापील कागद जातो. त्यात सातव्या क्रमांकावर मी लिहिलं होतं: "ओढताना यादी सरकण्यात किरकोळ सुधारणा."

पुढची साडेचार वर्षं कशी गेली, ते रविवारांत सांगता येईल. ताट वाढायचं, दाजी बातम्या लावायचे, आणि ताई सुरू व्हायची.

"मी निवृत्त व्हायच्या आत तो शेरा पुसून घेणार. लाल शाईचं पुस्तक घेऊन मी घरी यायची नाही."

"आता जाऊ दे गं," दाजी म्हणायचे.

"का जाऊ दे? ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला, त्याला एकदा माझ्यासमोर बसवायचंय. काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय." मग माझ्याकडे वळून, "भाजी घे की. का रे, तुझ्या ओळखीचा असेल ना तो?"

"तो सोडून गेला," मी म्हणायचो. चोराच्या मनात चांदणं. तरी दर रविवारी जायचो. न जाण्याचं कारण काय सांगणार होतो?

भांडारात काम फारसं नव्हतं. चादरी येतात, चादरी जातात. तिथे कोपऱ्यात एक जुना संगणक पडलेला होता. कुणी वापरत नव्हतं म्हणून कुणी त्याच्यावर नवी आवृत्ती चढवली नव्हती. माझा मूळ प्रोग्रॅम त्याच्या पोटात जसाच्या तसा होता. ताईने त्याच्यावरचा धुरळा पुसला, एक दोनशे पानी वही आणली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं एकच काम केलं. एक नाव उचलायचं, कडेला न्यायचं, चाळणीसारखं हलवायचं, बाळांच्या खोलीवर सोडायचं. मग यादी खाली नेऊन पाहायचं, ते कुठे पडलं. वहीत तारीख, किती वेळ हलवलं, कुठे सोडलं, कुठे पडलं. मी पगार घेऊन जे काम दीड दिवस केलं होतं, ते तिने बिनपगारी चार वर्षं केलं.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा तिने इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांकडे अर्ज दिला. शेऱ्याची फेरतपासणी व्हावी आणि त्या वेळी प्रोग्रॅम करणाऱ्या कंपनीचा जाणकार माणूस हजर असावा. मालकांनी ते पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तूच जा. घरचा माणूस बघून गप्प बसेल."

दुपारची वेळ होती. लांब टेबलाच्या पलीकडे मोठे डॉक्टर, मेट्रनबाई आणि लिहून घेणारा कारकून. मी अलीकडे. दार उघडलं आणि चादरी न्यायची ढकलगाडी आत आली, एक चाक कुरकुरत. गाडीवर तो जुना संगणक, त्याच्यावर वही. ढकलत होती ताई. धुतलेली, कडक इस्त्रीची साडी. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं.

"साहेब, मी काही बोलत नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "फक्त कंपनीच्या माणसाला या खुर्चीत बसवा."

मी बसलो. गुडघा सुरू झाला.

"हे नाव घ्या," ताई माझ्या मागे उभी राहून म्हणाली. "बाळांच्या खोलीवर सोडा."

जन्मात पहिल्यांदा ती मला अहो-जाहो करत होती. मी नाव पकडलं, कडेला नेलं. हात आवळून धरला, गुडघ्यावर दुसरा हात दाबला. यादी थांबली.

"थांबली," ताई म्हणाली. "आता काय करायचं असतं?"

मी नाव तसंच धरून ठेवलं.

"आम्हाला फोनवर सांगितलं होतं, थोडं हलवत राहा. चाळणी हलवतो तसं. हलवा."

मी हलवलं. यादी धावली, बाळांची खोली दिसली, मी बोट उचललं. ताईने यादी खाली आणली. नाव बरोबर जागी होतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि दुसऱ्या क्षणी त्याची शरम वाटली.

"परत," ताई म्हणाली.

परत बरोबर पडलं. मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं.

"परत."

तिसऱ्या वेळी ती यादी खाली आणत असताना मला आधीच कळलं होतं. बोटाला कळतं. नाव कपड्यांच्या भांडारावर होतं.

"दोन हजार एकशे चाळीस वेळा केलंय मी," ताईने वही टेबलावर ठेवली. "दहात तीनदा असं होतं. मी सहाशे त्रेचाळीस वेळा ते बाळ एकटं सोडलंय, साहेब. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांना बरोबर दिसत होतं."

डॉक्टरांनी वहीची चार-पाच पानं उलटली, मग माझ्याकडे पाहिलं. "कंपनीला हे माहीत होतं का?"

ताईच्या हातात घडी अर्धवट उघडलेला एक कागद होता. कडेने मी तो ओळखला. बदलांचा छापील कागद, सातव्या ओळीखाली पेनची रेघ. तो तिने पुढे केला नाही. ती खिडकीबाहेर पाहत उभी राहिली, आणि तिचा हात अगदी स्थिर होता. मी तिथे किती वेळ गप्प होतो कोण जाणे. एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून नक्कीच जास्त.

"माहीत होतं," मी म्हणालो. "नवव्या दिवशी दुरुस्त केलं."

"कुणी?"

"मी."

"मूळ लिहिलं कुणी होतं?"

"मीच. आणि तो अहवालही मीच लिहिला, सही फक्त मालकांची आहे."

कारकुनाने कागद पुढे केला. मी सगळं हाताने लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला. सेवापुस्तक त्यांच्यासमोर उघडंच होतं आणि पहिल्या पानावर ताईचं माहेरचं नाव होतं.

"तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता?"

"कामापुरतं," ताई म्हणाली.

तिने वही उचलली, गाडी वळवली आणि कुरकुरत निघून गेली. ती मला दारातच दोन थोबाडीत देती तर बरं झालं असतं.

शेरा रद्द झाला. शेवटचे सव्वीस दिवस ताई मुख्य कारकुनाच्या खुर्चीत बसली. पहिल्याच दिवशी तिने कंपनीच्या कराराची फाइल मागवली आणि तिच्यावर निळ्या शाईने शेरा मारला: "मालकांना समक्ष बोलवावे व खुर्चीत बसवावे." मालक आले नाहीत, करार गेला. मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं, आता मी घरी बसून बारीकसारीक कामं करतो. मालकांबद्दल मला वाईट वाटत नाही. त्या बाबतीत मी ताईचा सख्खा भाऊ आहे.

तीन रविवार मी गेलो नाही. चौथ्या रविवारी दाजींचा फोन आला. "ये बाबा. ताट मांडून बसलीये. तीन रविवार तुझं ताट मांडतेय आणि माझ्याकडे बघतेय."

गेलो. बाहेरच्या खोलीत, छत्रीच्या शेजारी, तो जुना संगणक टेबलावर मांडलेला होता. भंगारात निघाला तेव्हा तिने मागून घेतला होता.

"तुला कधी कळलं?" मी चपला काढता काढता विचारलं.

"कोबीच्या दिवशी."

मी तिथेच बसलो. साडेचार वर्षं. दोनशेहून जास्त रविवार. ज्याने लिहिलं त्याला माझ्यासमोर बसवायचंय, असं ती म्हणायची तेव्हा तो समोरच बसलेला होता, आणि ती त्याला भाजी वाढत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." तिने पदर खोचला. "माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन, आज बोलेल, उद्या बोलेल. निदान मी त्या दुसऱ्या माणसाला शिव्या देताना तरी बोलेल. मी थांबले होते. शेवटी तुला बोलतं करायला गाडी ढकलत यावं लागलं."

"चुकलो ताई."

"ते माहितीये मला. सहाशे त्रेचाळीस वेळा माहितीये." तिने संगणक चालू केला. "माफ केलेलं नाही. आधी हे कर, मग जेवायचं."

तीनशे चाळीस नावं आहेत. प्रत्येक नाव वरून उचलायचं, कडेला न्यायचं, चाळणीसारखं हलवायचं आणि बाळांच्या खोलीवर सोडायचं. रविवारी पंचवीस. जे चुकून दोन ओळी खाली पडतं, ते मोजत नाहीत, पुन्हा करावं लागतं. दाजी बातम्यांचा आवाज कमी करून बघत बसतात. माझं मनगट दुखायला लागलं आहे. ताई माझ्या मागे स्टुलावर बसलेली असते. वही नवी आहे, पहिल्या पानावर "वापरणारा" असं लिहून पुढे माझं नाव घातलं आहे.

आज शंभरावं नाव होतं, ते भांडारात पडलं. ताईने लाल पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "निष्काळजीपणा." मग म्हणाली, "परत."